लखनौत भेटलेला हिमालय

लखनौहून हिमालय दिसत नाही. कितीही उंच गच्चीवर चढा, कितीही निरभ्र सकाळ निवडा, दिसत नाही. समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटर उंचीचं हे सपाट शहर. इथली गोमतीसुद्धा बर्फाच्या पाण्याची नदी नव्हे. पिलीभीत जिल्ह्यात माधोटांडा म्हणून गाव आहे, तिथल्या तळ्यातून ती निघते. तेव्हा डिसेंबरात लेकीकडे लखनौला जाताना मी गोमुखाचा फोटो बरोबर का घेतला, असं कुणी विचारलं असतं तर पुष्पक एक्स्प्रेसमध्ये शेजारच्या बाईंना सांगितलं तेच सांगितलं असतं, ‘‘लेकीने आणायला सांगितलाय.’’

लेकीचं घर अलीगंजमध्ये. तिच्या शेजारी एक निवृत्त भूवैज्ञानिक राहतात. माझा नातू त्यांना ‘पत्थरवाले नानाजी’ म्हणतो, कारण त्यांच्या दिवाणखान्यात शोभेच्या वस्तूंऐवजी दगड मांडलेले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या उत्तर विभागाचं मुख्यालय याच अलीगंजमध्ये आहे आणि हिमनद्यांचा अभ्यास करणारा विभागही इथलाच. मला हे ठाऊक नव्हतं. मुंबईकरांना लखनौ म्हटलं की चिकनचे कुडते, कबाब, नवाबी अदब एवढंच आठवतं. गाण्याची आवड असलेल्यांना फार तर भातखंडेबुवांनी १९२६ मध्ये इथे उभं केलेलं संगीत महाविद्यालय. पण हिमालयातल्या बर्फाचा हिशेब वर्षानुवर्षं या धुक्यात बुडालेल्या मैदानी शहरात ठेवला जातो, हे मला लेकीच्या शेजाऱ्यांमुळे कळलं. तसं पाहिलं तर २००० साली उत्तराखंड वेगळं होईपर्यंत गंगोत्री, बद्रीनाथ, नंदादेवी या सगळ्या मुलखाची राजधानी लखनौच होती. बर्फातल्या गावाला रस्ता हवा असला तरी अर्ज इथे यायचा.

फोटो माझ्या वडिलांनी काढलेला. अण्णा आयुष्यभर जमीन मोजणीच्या खात्यात होते. १९७९ मध्ये, निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, ते मित्रांबरोबर गंगोत्री आणि बद्रीनाथच्या यात्रेला गेले. जाताना माझ्या मामाचा आगफा क्लिक थ्री कॅमेरा मागून नेला. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो निघत. एकच रोल नेला होता, म्हणजे सगळ्या यात्रेत मिळून बारा फोटो. आज आपण सकाळच्या चहाचेच बारा काढतो.

बारांतला हा एक. काळापांढरा, चौकोनी. राखाडी बर्फाची भिंत, तिच्या पोटात काळी कमान आणि कमानीतून बाहेर पडणारं पाणी. माणूस एकही नाही. आई तेव्हा म्हणाली होती, ‘‘एवढं लांब जाऊन एकाही फोटोत स्वतः उभे राहिला नाहीत?’’ त्यावर अण्णांचं उत्तर, ‘‘मी उभा राहिलो तर काढणार कोण?’’

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नानाजी घरी आले. फोटोआधी चहा झाला, चहाआधी ‘पहले आप’ झालं. मग त्यांनी फोटो हातात घेतला, खिडकीशी गेले, खिशातून भिंग काढून बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, वा, छान आहे. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी फोटो उलटा केला आणि त्यांचा चेहरा खुलला.

मागे अण्णांचं मोजणीखात्यातलं बारीक, सुबक अक्षर आहे. ‘गोमुख. ता. ११-९-७९. सकाळी ९. दगडावर लाल रंगाचा बाण आहे. तेथून मुखापर्यंत १४० पावले. फोटो बाणाच्या दगडावरून.’

मी हिंदीत अर्थ सांगितला. नानाजींनी पुन्हा सांगायला लावला. मग एकदम विचारलं, ‘‘बहनजी, आपके पिताजी का एक क़दम कितना था?’’

दुसऱ्या कुणी हा प्रश्न विचारला असता तर मी हसले असते. पण याचं उत्तर आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक होतं. अण्णांचं पाऊल अडीच फुटांचं. त्यांनी आमची ओसरी पावलांनी मोजली होती, माझ्या लग्नाचा मांडव पावलांनी मोजून मांडववाल्याची चूक काढली होती. एकशेचाळीस पावलं म्हणजे साडेतीनशे फूट. नानाजी म्हणाले, तिथल्या दगडधोंड्यांत पाऊल अडीच फुटांचं पडणं कठीण आहे. मी म्हटलं, ‘‘भाईसाहेब, तुम्ही अण्णांना पाहिलं नाहीत.’’

इथून त्यांनी मला सॅम्युएल बोर्नची गोष्ट सांगायला घेतली. ती ऐकली आणि लखनौच्या माझ्या फिरण्याची दिशाच बदलली.

बोर्न हा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा, बँकेतला कारकून. नोकरी सोडून १८६३ मध्ये कॅमेरा घेऊन हिंदुस्थानात आला आणि पुढच्या चार वर्षांत हिमालयाच्या तीन मोठ्या मोहिमा केल्या. पहिल्या खेपेला सिमल्याहून निघाला तेव्हा सामान वाहायला तीसएक हमाल होते, दुसऱ्या खेपेला चाळीसच्या वर. एवढं सामान कशाला, तर त्या काळच्या फोटोचं तंत्रच तसं होतं. काचेवर कलोडियन नावाच्या चिकट द्रावाचा थर द्यायचा, अंधाऱ्या तंबूत ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचं आणि सुकायच्या आत परत तंबूत आणून धुवायची. काच बारा बाय दहा इंचांची. म्हणजे काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, अंधाराचा तंबू, भलाथोरला लाकडी कॅमेरा, सगळं माणसांच्या पाठीवर. घाटात एक पाय घसरला की आठवड्याची मेहनत फुटली. ज्यांना डोशाचं पीठ थंडीत फुगेल की नाही याची काळजी असते, त्यांना बर्फात रसायनांची काय तऱ्हा होत असेल याची कल्पना येईल! १८६६ च्या तिसऱ्या मोहिमेत तर बोर्नने मणिरंग खिंडीत, १८ हजार ६०० फुटांवर, फोटो काढले. इतक्या उंचीवरच्या फोटोचा तो विक्रम पुढे बरीच वर्षं टिकला.

तो नुसते फोटो काढून थांबला नाही, लिहीतही होता. लंडनच्या ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’त त्याच्या प्रवासाच्या लेखमाला छापून येत. त्या लेखांत एक गमतीची तक्रार आहे. हिमालय त्याला कॅमेऱ्याच्या मानाने फार मोठा वाटतो. स्वित्झर्लंडसारखी तळी नाहीत, चित्रात शोभेल अशी झाडी जागेवर नाही. जगातला सर्वांत मोठा पर्वत समोर उभा, आणि हा त्याला चौकटीत नीट बसत नाही म्हणून रुसलेला. दुसरी गोष्ट मात्र गमतीची नाही. हमाल पळून गेले तेव्हा काठी घेऊन गावात शिरल्याचं, माणसं ओढून आणल्याचं तो स्वतःच लिहितो, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलेलं दिसत नाही. शेतीची कामं टाकून, नाइलाजाने आलेल्या त्या माणसांपैकी एकाचंही नाव आज आपल्याला ठाऊक नाही. काचा फुटल्या नाहीत, हे त्यांचं कौशल्य.

काश्मीरची मोहीम आटोपून हाच बोर्न १८६४-६५ च्या हिवाळ्यात लखनौला आला. नऊ-दहा महिने पहाडात घालवलेला माणूस, तोच कॅमेरा, त्याच काचा. आता समोर रेसिडेन्सीच्या पडक्या भिंती, बडा इमामबाडा, रूमी दरवाजा. सत्तावनचा वणवा विझून सात-आठच वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं सरल्यावर लेक मला रेसिडेन्सीत घेऊन गेली. येताना आम्ही चौकातली मक्खन मलाई खाल्ली होती. थंडीतच मिळणारा, दुधाच्या फेसाचा, तोंडात ठेवताच नाहीसा होणारा पदार्थ. त्याचं वर्णन करायला बसले तर हा लेख पुरणार नाही. रेसिडेन्सीत हिरवळ आहे, म्हातारी झाडं आहेत, भिंतींवर तोफगोळ्यांचे आणि बंदुकीच्या गोळ्यांचे वण तसेच आहेत. नानाजींनी बोर्नच्या फोटोंचं पुस्तक बरोबर दिलं होतं. नातवाला खेळ मिळाला. ‘‘आजी, इथून काढलाय, इथून!’’ करत तो धावत सुटला. फोटोतली कमान आणि तिच्यामागचा मनोरा एकमेकांना जसे झाकतात तसेच झाकेपर्यंत पुढे-मागे सरकायचं. दोन पावलं डावीकडे गेलं की मनोरा सुटा होतो, उजवीकडे गेलं की लपतो. शेवटी अशी जागा सापडते की पुस्तक आणि डोळा एकच दाखवतात. दीडशे वर्षांपूर्वी कॅमेऱ्याची तिवई जिथे असेल त्याच्या आसपास आपण उभे असतो. अंगावर काटा आला, हे कबूल करते.

डोंगरातसुद्धा अगदी हेच करतात, असं संध्याकाळी नानाजींनी सांगितलं. जवळचा एखादा मोठा खडक आणि दूरचं शिखर जुन्या फोटोत जसे एका रेषेत दिसतात, तसे दिसेपर्यंत सरकायचं. जागा सापडली की पुन्हा तसाच फोटो काढायचा आणि मग बर्फ कुठे होतं, कुठे गेलं ते पाहायचं. बोर्नने १८६६ मध्ये गोमुखाचाही फोटो काढला होता. त्याच्या मनात सुंदर चित्राखेरीज काही नव्हतं. पण त्याला एक चांगली सवय होती: काचेवरच तो क्रमांक कोरून ठेवी आणि क्रमांकावरून यादीत फोटोचं नाव सापडे. कोलकात्यातला त्याच्या नावाचा ‘बोर्न अँड शेफर्ड’ स्टुडिओ १९९१ मध्ये आगीत सापडला, जुन्या संग्रहाचा मोठा भाग गेला, २०१६ मध्ये दुकानच बंद झालं. तरी जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेले त्याचे ठसे ओळखता येतात ते या क्रमांकांमुळे.

बोर्ननंतर सत्तर वर्षांनी, १९३५ मध्ये, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जॉन ऑडेन गोमुखाला गेले. इंग्रजी कवी ऑडेन यांचे हे थोरले भाऊ. त्यांनी हिमनदीच्या मुखाचा रीतसर नकाशा काढला. त्या नकाशापासून मोजलं तर १९९६ पर्यंत गोमुख अकराशे मीटरहून अधिक मागे सरकलं होतं, वर्षाला सरासरी एकोणीस मीटर. तीस किलोमीटर लांबीच्या हिमनदीत किलोमीटरभर म्हणजे काय एवढं, असं मी म्हणून गेले. नानाजी हसले नाहीत. म्हणाले, मुख हे फक्त हिमनदीचं टोक. तिची खरी तब्येत वरच्या अंगाला किती बर्फ पडलं आणि किती वितळलं, या जमाखर्चावरून कळते. तोंड पाहून रोग सांगणारा वैद्य चुकू शकतो.

फोटोही फसवतो. मे महिन्यात गेलात तर ताज्या बर्फाने सगळं भरलेलं दिसतं. सप्टेंबरात तीच जागा दगडमातीने काळी पडलेली असते. एखादा मोठा कडा कोसळला की एका रात्रीत कमानीचं रूप बदलतं. म्हणून तारीख हवी. आणि मोजणी शक्यतो पावसाळा सरताना, वितळणं संपत आल्यावर करायची.

‘‘आपके पिताजी ग्यारह सितंबर को गए,’’ ते फोटोकडे पाहत म्हणाले, ‘‘बिलकुल सही वक़्त पर.’’

अण्णा सप्टेंबरात गेले कारण तेव्हा गर्दी कमी आणि बसभाडं परवडतं. पण हे मी सांगितलं नाही.

मग मी हौसेने माझे फोटो काढले. आम्ही दोघं २०१२ मध्ये गोमुखाला गेलो होतो. दिवसाला दीडशे माणसांनाच परवानगी मिळते, ती काढून, गंगोत्रीपासून अठरा किलोमीटर चालून. डिजिटल कॅमेऱ्याने दोनशे दहा फोटो काढले होते. नानाजींनी शांतपणे सगळे पाहिले. जवळजवळ प्रत्येकात आम्ही दोघं आहोत. आमच्या दोन कानटोप्यांच्या मधून थोडंसं बर्फ दिसतं. तारीख पाहिली तर सगळ्यांवर १ जानेवारी २००८. भोजबाशाला बॅटरी बदलली तेव्हा कॅमेऱ्यातली तारीख लावायची राहिली होती. नानाजी अतिशय सभ्य माणूस. म्हणाले, ‘‘टोपियाँ बहुत सुंदर हैं।’’

गंगोत्रीच्या स्वामी सुंदरानंदांचं नाव त्यांच्याकडूनच नीट कळलं. १९४८ मध्ये ते गंगोत्रीला आले आणि २०२० मध्ये वारले. झोपडीत राहणारा हा संन्यासी गळ्यात कॅमेरा अडकवून शिखरं चढे. लाखभर फोटो काढले म्हणतात. त्यांतले निवडक २००१ मध्ये पुस्तकरूपाने आले. एकच माणूस, एकच हिमनदी, पन्नासाहून अधिक वर्षं. बर्फ कमी होतंय हे सांगायला त्यांना नकाशाची गरज नव्हती, आणि ते ज्याला-त्याला ते सांगतही. आपले काका कालेलकरही १९१२ मध्ये हिमालयात गेले, पण कॅमेऱ्याशिवाय. आणि मराठी माणूस असून प्रवासवर्णन लिहिलं गुजरातीत. आपल्या भाषेला ते अनुवादातून वाचावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

निघायच्या आधी नानाजींनी आम्हाला लखनौ विद्यापीठाजवळच्या बिरबल साहनी संस्थेत पाठवलं. जीवाश्मांचा अभ्यास करणारी ही संस्था. तिची कोनशिला नेहमीसारखी गुळगुळीत संगमरवराची नाही. साहनींनी जगभरातले जीवाश्म बसवून ती घडवली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसली आणि आठवड्याभरात, १० एप्रिलला, साहनी गेले. पुढे संस्थेची धुरा त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी सांभाळली. इथले संशोधक हिमालयातल्या देवदार आणि भूर्ज वृक्षांच्या खोडांतली वर्तुळं मोजतात. वर्षाला एक वर्तुळ. कोणतं वर्ष कोरडं गेलं, कोणतं थंड, ते त्याच्या जाडीवरून ताडायचं. जिथे कुणी कॅमेरा घेऊन गेलं नाही, त्या काळाची नोंद झाडाने ठेवलेली असते. भोजबासा म्हणजे भूर्जवृक्षांची वस्ती. मी गेले तेव्हा तिथे नावापुरतीही दाट झाडी दिसली नव्हती.

शेवटच्या संध्याकाळी नानाजी निरोप द्यायला आले. अण्णांच्या फोटोची त्यांनी दोन्ही बाजूंनी प्रत करून घेतली होती. ‘‘यात्रेकरूचा फोटो म्हणजे सर्वेक्षण नव्हे,’’ त्यांनी स्पष्ट सांगितलं, ‘‘पण लाल बाण कुणाचा होता ते त्या वर्षीच्या वह्यांत सापडलं, तर एक बिंदू मिळेल.’’ मग सहज विचारलं, ‘‘बाक़ी के ग्यारह?’’

मी पाण्याचा पेला उचलला.

बाकीचे अकरा ठाण्याला अल्बममध्ये आहेत. १९९४ मध्ये अण्णांची पंच्याहत्तरी केली तेव्हा त्यांना अचानक भेट द्यावी म्हणून मीच तो अल्बम केला. जाड काळे कागद, सोनेरी कडा. फोटो घसरू नयेत म्हणून मागे सगळीकडे भरपूर गोंद लावला. गोमुखाचा तेवढा राहिला, कारण तो आईने पोथीत ठेवला होता आणि मला सापडला नाही. समारंभात सगळ्यांनी अल्बमचं कौतुक केलं. अण्णांनी पानं उलटली, एका फोटोच्या कडेला नखाने हळूच उचकटून पाहिलं आणि मला विचारलं, ‘‘मागचं वाचलं होतंस का गं?’’ मी म्हटलं, ‘‘कुठलं मागचं?’’ ते म्हणाले, ‘‘काही नाही. छान झालाय अल्बम.’’ पाच वर्षांनी ते गेले. हा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

ठाण्याला परतल्यावर मी अल्बम काढला. किटलीच्या वाफेवर पान धरायचं, कडा सैल झाली की जेवणाच्या सुरीने हलकेच सोडवायचं. पहिले दोन फाटले. मग हात बसला. चार दिवसांत सात निघाले. पाचांच्या मागे गोंदाचे पिवळे डाग आणि शाईचं निळं धुकं. एकावर फक्त ‘ता.’ वाचता येतं. सातवा मात्र निम्मा वाचला. ‘भोजबासा. सायं. ५. वारा फार. चहा ७५ पै.’ पुढचं गेलं.

मी दोन्ही बाजूंचे फोटो काढून लखनौला पाठवले. अर्ध्या तासात उत्तर आलं. ‘कैमरा किस दिशा में था?’

आता हे कसं सांगायचं? अण्णांनी लिहिलं असेल तर ते गोंदात गेलं. मी फोटो सरळ करून दिव्याखाली धरला. उघडी दरी, दगड, दूरवर शिखरं. दगडांच्या सावल्या पाहणाऱ्यापासून दूर, चित्राच्या आत गेलेल्या. संध्याकाळचे पाच, म्हणजे सूर्य पाठीमागे, पाठ पश्चिमेला. म्हणजे कॅमेरा पूर्वेकडे, गोमुखाच्या अंगाला. हे मी लिहून पाठवलं, आणि पाठवल्यावर पुन्हा पाहिलं. खालच्या कडेपासून एक लांबलचक सावली दगडांवरून पुढे गेलेली आहे. डोक्यावर टोपी आहे, आणि डोळ्याशी कॅमेरा धरलेले दोन्ही कोपर बाहेर आलेले आहेत.